मावेजाच्या पैशातून गाळे आणि गाळ्यांसाठी कंपनी: कर खरंच वाचतो का?

मावेजाची रक्कम खात्यावर जमा झाली की गावात दोन माणसं सगळ्यात आधी पोचतात. एक प्लॉट दाखवणारा आणि दुसरा कर वाचवून देणारा. पहिल्याचं बोलणं आता लोकांना पाठ झालंय. दुसऱ्याचं बोलणं मात्र नवं आहे. "गाळे स्वतःच्या नावावर घेऊ नका, प्रायव्हेट लिमिटेड काढा, गाळे कंपनीच्या नावावर ठेवा, कर निम्म्यावर येतो," असा हा सल्ला. हॉटेलात, मोंढ्यात, लग्नाच्या मांडवात तो फिरतोय आणि काही घरांत त्याप्रमाणे कागदपत्रंही तयार व्हायला लागलीत.

समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि दहा जिल्ह्यांतून जाणारा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. त्याला जोडणाऱ्या जालना-नांदेड द्रुतगती महामार्गासाठी जालना, परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतली जमीन लागतेय. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचा वाद अजून मिटलेला नाही. रस्त्याला विरोध की पाठिंबा हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण जिथे जमीन गेली तिथे एकरकमी पैसा आला, आणि त्यातला बराचसा तालुक्याच्या बायपासवर गाळे, गोदाम, फ्लॅट यांत गेला. पिढ्यानपिढ्या शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसलेली घरं पहिल्यांदा भाड्याचं, म्हणजे कराच्या हिशेबात येणारं उत्पन्न बघताहेत. त्यामुळे "कर निम्म्यावर" हे शब्द कानाला गोड लागतात.

गणित मांडून पाहिलं तर बहुतेक घरांसाठी गोष्ट उलटी निघते. कंपनीमुळे कर वाचत नाही, वाढतो. आणि एकदा मालमत्ता कंपनीत गेली की बाहेर काढताना पुन्हा मोजावं लागतं.

आधी मावेजाच्या रकमेचं काय?

बरेच जण घाबरून कंपनीकडे वळतात, कारण मावेजाच्या कोटभर रकमेवरच मोठा कर बसेल असं त्यांना वाटतं. तसं नाही. ग्रामीण भागातली शेतजमीन आयकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरलीच जात नाही. त्यामुळे ती गेली तरी भांडवली नफ्याचा कर येत नाही. ग्रामीण कशाला म्हणायचं हेही ठरलेलं आहे. जमीन नगरपालिकेच्या हद्दीत नको. हद्दीबाहेर असेल तर अंतर बघतात. गावाची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर हद्दीपासून २ किलोमीटर, १ ते १० लाख असेल तर ६ किलोमीटर आणि १० लाखांच्या वर असेल तर ८ किलोमीटर. हे अंतर रस्त्याने नाही, सरळ हवाई रेषेत मोजतात.

शिवाय २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ मध्ये त्या कायद्याखालच्या मावेजाला आयकरातून सूट आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २५ ऑक्टोबर २०१६ च्या परिपत्रकात ते स्पष्टही केलं आहे. म्हणून निवाडा कोणत्या कायद्याखाली झाला, त्यात जमीन, झाडं, विहीर आणि व्याज यांचे आकडे वेगवेगळे किती, हे बघून प्रत जपून ठेवावी. व्याजाचा भाग वेगळा असतो. त्यावर सूट आपोआप लागू होते असं धरून चालू नये.

शहराच्या हद्दीजवळची, म्हणजे ग्रामीण व्याख्येत न बसणारी शेतजमीन सक्तीने संपादित झाली तरी सूट आहे. त्यासाठी आधीची दोन वर्षं ती स्वतः किंवा आई-वडिलांनी कसलेली असावी लागते. ही सूट फक्त व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला आहे. जमीन कंपनीच्या नावावर असती तर ती मिळाली नसती. शेतकऱ्याला असलेल्या सवलती बहुतेक त्याच्या माणूस असण्याला जोडलेल्या आहेत, आणि कंपनी म्हणजे कायद्याने वेगळी व्यक्ती. इथून पुढच्या सगळ्या हिशेबाचं मूळ इथंच आहे.

सहा लाख भाड्याचा हिशेब

एक साधं उदाहरण घेऊ. समजा एका घराने मावेजातले १ कोटी रुपये घालून बायपासवर तीन गाळे घेतले. तिन्हींचं मिळून महिन्याला ५० हजार भाडं येतं, म्हणजे वर्षाला ६ लाख. नगरपंचायतीची घरपट्टी सोपेपणासाठी बाजूला ठेवू. दर आर्थिक वर्ष २०२५-२६ चे धरू.

गाळे एका माणसाच्या नावावर असतील तर भाड्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. त्यासाठी कुठलंही बिल लागत नाही. राहिले ४ लाख २० हजार. नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, वरच्या २० हजारांवर ५ टक्के म्हणजे १ हजार रुपये. आणि एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने तोही सवलतीत माफ. कर शून्य. शेतीचं उत्पन्न असेल तर दर ठरवण्यापुरतं ते हिशेबात मिळवतात, पण १२ लाखांची सवलत बघताना ते धरत नाहीत. म्हणून या उदाहरणात १० लाखांचं शेती उत्पन्न असलं तरी कर शून्यच राहतो.

आता तेच गाळे कंपनीच्या नावावर घेतले. कंपनीला ४ लाखांची सूट नाही, १२ लाखांची सवलतही नाही. पहिल्या रुपयापासून कर. २०१९ मध्ये आणलेल्या सवलतीच्या दराने २२ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर असे मिळून २५.१६८ टक्के होतात. ३० टक्के वजावट मिळाली असं धरलं तरी ४ लाख २० हजारांवर कर झाला १ लाख ५ हजार ७०६ रुपये. त्यात ऑडिट, वार्षिक फॉर्म आणि रिटर्न यांची फी वर्षाला ४० हजार धरली तर ६ लाखांतले ४ लाख ५४ हजार उरले. जे घर शून्य कर भरणार होतं, त्याचे जवळजवळ दीड लाख गेले, तेही दरवर्षी.

"खर्च दाखवता येतो" यात किती तथ्य?

सल्ला देणारा इथे म्हणतो, "कंपनीत सगळा खर्च टाकता येतो. गाडी, डिझेल, मोबाईल. वर घसारा मिळतो." यात थोडं खरं आहे, ते आधी बघू.

कंपनीचा मुख्य उद्देशच मालमत्ता भाड्याने देण्याचा असेल तर तिचं भाडं हे घरभाड्याचं नाही, धंद्याचं उत्पन्न मानायला जागा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये चेन्नई प्रॉपर्टीज या प्रकरणात तसा निकाल दिला. धंद्याचं उत्पन्न मानलं की इमारतीवर वर्षाला १० टक्के घसारा मिळतो. वरच्या उदाहरणात १ कोटीपैकी बांधकामाची किंमत ६० लाख असेल तर पहिल्या वर्षीचा घसारा ६ लाख. म्हणजे सगळं भाडं त्यातच गेलं आणि कंपनीलाही पहिल्या वर्षी कर नाही.

पण तीन गोष्टी सांगितल्या जात नाहीत. पहिली, कर शून्याच्या खाली जात नाही. ज्या घराला तसाही कर नव्हता त्याने घसारा मिळवून काय कमावलं? ऑडिटची फी मात्र गेलीच. दुसरी, घसारा दरवर्षी कमी होत जातो आणि विकताना अंगावर येतो. ६० लाखांच्या बांधकामाची वहीतली किंमत दहा वर्षांत साधारण २१ लाखांवर येते. विकल्यावर नफा त्या २१ लाखांपासून मोजतात आणि तो अल्पकालीन नफा धरतात. तिसरी, धंद्याचं उत्पन्न म्हटलं की ३० टक्क्यांची सरसकट वजावट सुटते. दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत नाही.

फ्लॅट किंवा घर भाड्याने द्यायचं असेल तर हा रस्ता आता बंदच आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पानंतर कायद्यात दुरुस्ती झाली. मालकाने राहण्यासाठी दिलेल्या घराचं भाडं धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही, ते घरभाडं म्हणूनच दाखवावं लागतं. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ पासून हे लागू आहे. म्हणून कोणी दोन फ्लॅट कंपनीत टाकून त्यावर गाडीचं डिझेल दाखवायला सांगत असेल, तर तो जुनी माहिती विकतोय.

पैसा कंपनीचा, घराचा नाही

सगळ्यात मोठी चूक इथे होते. गाळ्याचं भाडं कंपनीच्या खात्यावर येतं. खातं कंपनीचं, म्हणून पैसाही कंपनीचा. शंभर टक्के शेअर आपले असले तरी.

तो घरात आणायचा सरळ मार्ग लाभांश. २०२० च्या एप्रिलपासून लाभांशावरचा कर कंपनीऐवजी घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात. वर्षाला १० हजारांच्या वर लाभांश असेल तर १० टक्के कापून घेतात आणि परतावा रिटर्न भरून मागावा लागतो. ज्याचं बाकी उत्पन्न कमी आहे त्याला लाभांशावर कर बसणार नाही. पण ज्याच्यासाठी कंपनी काढली, म्हणजे ३० टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस, त्याला बसतो. शंभर रुपये नफ्यावर कंपनीने २५ रुपये १७ पैसे भरले. उरलेले ७४ रुपये ८३ पैसे घरात आणताना त्यावर ३१.२ टक्के. दोन्ही मिळून शंभरातले साडेअठ्ठेचाळीस रुपये गेले. निम्मा कर वाचवायला निघालेल्या माणसाचा जवळजवळ निम्मा पैसा करात गेला.

लाभांश नको, "उचल घेतली" असं दाखवू, हेही सुचवलं जातं. मुलीचं लग्न निघालं, दवाखाना आला, ट्रॅक्टर घ्यायचाय, कंपनीच्या खात्यातून पाच लाख काढले. अशा घरगुती कंपनीने १० टक्के किंवा जास्त मताधिकार असलेल्या भागधारकाला उसने पैसे दिले तर साठलेल्या नफ्याइतकी रक्कम लाभांशच समजून कर लावायची तरतूद कायद्यात आहे. नंतर पैसे परत भरले तरी ती टळत नाही.

एक मार्ग मात्र योग्य आहे, तो माहीत असावा. मावेजाचे पैसे कंपनीत घालताना सगळे शेअर म्हणून न घालता मोठा भाग संचालकाचं कर्ज म्हणून बँकेतून आणि लेखी कागद करून दिला, तर कंपनी ते कर्ज हप्त्याहप्त्याने परत करू शकते. मुद्दल परत आलं तर त्यावर कर नाही. ज्यांनी आधीच कंपनी काढली आहे त्यांनी आपले पैसे वहीत कोणत्या नावाने टाकलेत हे आजच बघावं. रोखीने २० हजार किंवा जास्त कर्ज देणं-घेणं मात्र दंडाला आमंत्रण आहे.

कंपनी परवडते कधी?

कंपनी कधीच परवडत नाही असं नाही. आकड्यात सांगायचं तर २०२५-२६ च्या दराने एका माणसाचं करपात्र उत्पन्न साधारण साडेबावन्न लाखांच्या पुढे गेलं, की त्याच उत्पन्नावर कंपनीचा कर त्याच्यापेक्षा कमी पडायला लागतो. त्याच्या आत माणूसच स्वस्त. साडेबावन्न लाख म्हणजे ३० टक्के वजावट धरून वर्षाला ७५ लाख भाडं, महिन्याला सव्वासहा लाख. आणि हे एका नावाचं. नवरा-बायको दोघांचे स्वतःचे पैसे घालून निम्मे-निम्मे घेतले तर आकडा दुप्पट होतो. तालुक्याच्या गावात एवढं भाडं घेणारी घरं किती, हे ज्याने त्याने आठवून बघावं.

नोकरी, डॉक्टरकी किंवा मोठ्या धंद्यातून ज्याचं उत्पन्न आधीच २४ लाखांच्या वर आहे, त्याचा हिशेब थोडा वेगळा. त्याला वरच्या प्रत्येक रुपयावर ३१.२ टक्के लागतात, कंपनीला २५.१७. शंभराला सहा रुपये वाचतात. पण आपल्या सहा लाख भाड्याच्या उदाहरणात ही बचत होते २५ हजार ३३४ रुपये, आणि ऑडिट-फॉर्मचा खर्च ४० हजार. त्यातही पैसा कंपनीतच ठेवला तर. घरात आणला की वरचे साडेअठ्ठेचाळीस टक्के.

मग कंपनी कोणासाठी? नात्यात नसलेले पाच-सहा भागीदार मिळून मोठं गोदाम बांधताहेत, बँकेचं कर्ज घेताहेत, नफा काढून न घेता दुसरं गोदाम उभं करणार आहेत, धंद्याच्या देण्यात स्वतःची शेती अडकू द्यायची नाही, अशांसाठी कंपनी हे चांगलं साधन आहे. एका गाळ्याचे चार तुकडे होत नाहीत, पण शेअरचे चार वाटे सहज होतात, हाही फायदा आहे. अशा भागीदारांनी एलएलपीचाही विचार करावा. तिचा दर ३० टक्के आणि उपकर असा जास्त आहे, पण करानंतरचा नफ्याचा वाटा भागीदाराला पुन्हा कर न भरता घेता येतो.

शेतकरी उत्पादक कंपनी ही मात्र वेगळी वस्तू आहे. ती शेतमालाची खरेदी-विक्री, प्रतवारी, साठवण यासाठी सभासदांनी मिळून काढायची असते. घरचे गाळे तिच्यात टाकायचे नसतात.

विकताना आणि बाहेर पडताना

दहा वर्षांनी १ कोटीचे गाळे १ कोटी ४० लाखांना विकले असं धरू. माणसाच्या नावावर असतील तर ४० लाखांच्या नफ्यावर १२.५ टक्के आणि उपकर मिळून ५ लाख २० हजार कर. विक्रीची सगळी रक्कम ठरलेल्या मुदतीत राहतं घर घेण्यात किंवा बांधण्यात घातली तर तोही वाचू शकतो. विकत घ्यायचं असेल तर दोन वर्षांत, बांधायचं असेल तर तीन वर्षांत. अट एवढीच की विक्रीच्या दिवशी नव्या घराशिवाय एकापेक्षा जास्त घरं नावावर नसावीत. गावातलं आणि तालुक्यातलं अशी दोन असतील तर सूट हुकते.

कंपनीला हा दर अधिभार धरून १४.३ टक्के पडतो, म्हणजे ५ लाख ७२ हजार, तेही घसारा घेतला नसेल तर. घरात गुंतवून कर वाचवायची सोय कंपनीला नाही. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्याय निवडायची मुभाही फक्त निवासी व्यक्ती आणि अविभक्त कुटुंबाला आहे. आणि करानंतर उरलेला नफा घरात आणायला पुन्हा लाभांशाचा रस्ता.

ज्यांनी गाळे आधीच स्वतःच्या नावावर घेतलेत आणि आता "कंपनीत टाकू" म्हणताहेत, त्यांनी तर थांबावंच. स्वतःचा गाळा स्वतःच्या कंपनीला देणं म्हणजे कायद्याने विक्री. खरेदीखत करावं लागतं, बाजारमूल्यावर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी लागते, भांडवली नफ्याचा हिशेब होतो. किंमत कमी दाखवली तरी रेडी रेकनरच्या दराशी तुलना होते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा फरक जास्त असेल तर विकणाऱ्याला जास्त किंमत मिळाली असं धरतात आणि घेणाऱ्या कंपनीच्या उत्पन्नातही तो फरक मिळवतात. बाप-लेकाच्या बक्षीसपत्राला कर नाही, कारण ते नातेवाईक. कंपनी कोणाचीच नातेवाईक नसते.

शेती कंपनीत? तो विषयच वेगळा

"राहिलेली शेतीही कंपनीत टाका, शेतीचं उत्पन्न तसंही करमुक्त" असं सांगणारेही आहेत. शेतीचं उत्पन्न कंपनीलाही करमुक्त असतं, हे खरं. पण जमीन कंपनीच्या नावावर होणार कशी? महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा, पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा आणि विदर्भात १९५८ चा कुळकायदा आहे. कंपनी नांगर धरत नाही, तिला शेतकरी दाखला मिळत नाही. आणि सगळी जमीन गेली तर घराचाच शेतकरी दाखला धोक्यात.

पीएम किसानचे वर्षाला ६ हजार हे जमीनधारक शेतकरी कुटुंबाला मिळतात, संस्थेच्या नावावरच्या जमिनीला नाहीत. मागच्या करनिर्धारण वर्षात आयकर भरलेल्यालाही ती योजना नाही. रिटर्न भरलं पण कर शून्य, हे वेगळं आणि कर भरला हे वेगळं. म्हणून भाडं सवलतीच्या आत बसवून रिटर्न वेळेत भरणं हे दोन्हीकडून फायद्याचं.

सातबारावरची नावं आणि शेअर

कराच्या गणितात एक गोष्ट झाकली जाते. मावेजा सातबारावरच्या नावांना मिळतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क जन्मापासूनचा आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो दिला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावरचा घोळ मिटवला. वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असोत वा नसोत, मुलीचा वाटा आहे.

आता आई, दोन भाऊ आणि एक बहीण यांच्या वाट्याचा मावेजा एका कंपनीत गेला आणि संचालक-भागधारक म्हणून फक्त दोन भाऊ लागले, तर पुढे काय? सातबारावर जे नाव तलाठ्याकडे कोणालाही दिसत होतं, त्याच्या जागी शेअरची नोंदवही आली आणि ती कोणाच्या तरी कपाटात राहते. वहीत ज्याच्या नावे शेअर किंवा कर्ज दाखवलं, तेवढंच त्याचं. बहिणीला वाटतं आपले पैसे गाळ्यात आहेत. कागद म्हणतो गाळा कंपनीचा आहे.

गंमत अशी की कर वाचवायचा असेल तर याच नावांचा उपयोग होतो. चौघांनी आपापल्या मावेजातून गाळे एकत्र घेतले आणि खरेदीखतात प्रत्येकाचा हिस्सा लिहिला, तर भाडं चार जागी विभागतं. प्रत्येकाची ४ लाखांची सूट वेगळी, १२ लाखांची सवलत वेगळी. फक्त पैसा खरोखर ज्याचा त्याचा हवा. नवऱ्याच्या पैशाने बायकोच्या नावावर गाळा घेतला तर भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. अविभक्त कुटुंबाचं वेगळं पॅन काढता येतं, त्याला ४ लाखांची सूट आहे, पण १२ लाखांची सवलत नाही, ती फक्त व्यक्तीला आहे.

म्हणजे आई-बहिणीचं नाव ठेवलं तर कर कमी आणि नाव काढून कंपनी केली तर कर जास्त. भावकीत पुढे होणारी कोर्टकचेरी यात धरलेलीच नाही.

फॉर्म चुकला तर

कंपनी काढणं सोपं, चालवणं अवघड. दोन गाळ्यांची कंपनी असली तरी दरवर्षी ऑडिट सक्तीचं. ताळेबंदाचा एक आणि वार्षिक विवरणाचा एक असे दोन फॉर्म रजिस्ट्रारकडे भरावे लागतात. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. दोन्ही वर्षभर राहिले तर ७३ हजार. सलग तीन वर्षं राहिले तर संचालक अपात्र ठरतो. उत्पन्न नसलं तरी कंपनीला आयकर रिटर्न भरावंच लागतं. पेरणीच्या दिवसांत कंपनी काढायला उत्साहाने आलेला माणूस तीन वर्षांनी फोन उचलतोच असं नाही.

जीएसटीचं भूत दाखवूनही कंपनी गळ्यात मारली जाते. गाळ्याचं वार्षिक भाडं २० लाखांच्या वर गेलं तर १८ टक्के जीएसटीसाठी नोंदणी लागते, मग मालक माणूस असो वा कंपनी. राहण्यासाठी कुटुंबाला दिलेल्या घराच्या भाड्याला जीएसटी नाही. यात कंपनीचा फायदा काहीच नाही.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे. कलमांचे नंबर बदललेत. २०२५-२६ चं उत्पन्न मात्र जुन्याच कायद्याने मोजायचं आहे. "नवा कायदा आला, आता कंपनीच हवी" असं कोणी म्हणालं तर त्याला कलम दाखवायला सांगावं. आणि कंपनी काढून देणाऱ्याऐवजी दुसऱ्याच एखाद्या सीएकडे, फी देऊन, हे प्रश्न विचारावेत.

१. आमचं सगळ्यांचं मिळून भाडं किती आणि वेगवेगळ्या नावांवर घेतलं तर प्रत्येकाचा कर किती? कंपनीत किती? दोन्ही आकडे कागदावर लिहून द्या.

२. कंपनीतला पैसा घरात आणायला दरवर्षी किती कर लागेल?

३. दहा वर्षांनी विकलं किंवा कंपनी बंद केली तर एकूण किती जाईल?

४. ऑडिट, फॉर्म, रिटर्न यांची वर्षाची फी किती आणि फॉर्म चुकला तर दंड कोण भरणार?

५. सातबारावरच्या प्रत्येक नावाचे पैसे कंपनीच्या वहीत कुठे आणि कसे दिसतील?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या सगळ्यांसमोर घ्यावं, बहिणीलाही बोलावून. जमीन एकदाच गेली आणि मावेजा एकदाच आला आहे. कंपनी सहा महिन्यांनी काढली तरी चालते, पण एकदा तिच्या नावावर झालेला गाळा परत घरावर करायला पुन्हा खरेदीखत, पुन्हा मुद्रांक आणि पुन्हा कर.